पेटीतला राउटर सॉफ्टवेअरमध्ये

अणदूर, जि. धाराशिव



राउटर, स्विच आणि फायरवॉल यांच्या पेट्या वेगवेगळ्या दिसल्या तरी आतले काम सारखेच असते: आलेले पॅकेट वाचायचे, नियम पाहायचा, मग ते पुढे धाडायचे किंवा टाकून द्यायचे. हे काम खास पेटीकडून काढून साध्या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरकडे देणे म्हणजे नेटवर्क यंत्रांचे आभासीकरण. ऑक्टोबर २०१२ मध्ये १३ दूरसंचार कंपन्यांनी जर्मनीतील डार्मश्टाट येथे निवेदन मांडून हीच दिशा धरली. नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या जिओने २०२२ मध्ये सुरू केलेल्या फाइव्ह-जी सेवेचा गाभाही सॉफ्टवेअरचाच, आणि तो कंपनीने स्वतः घडवलेला आहे. सोलापूर-हैदराबाद महामार्गालगतचा टॉवर आणि त्यावरचा अँटेना खराच लागतो. ग्राहक ओळखणे, जोडणी बांधणे, डेटा मोजणे मात्र डेटा सेंटरमध्ये होते.

शिकणाऱ्याचे यात मोठे भले झाले आहे. पूर्वी सरावासाठी राउटर विकत घ्यावे लागत किंवा पुण्याच्या क्लासची वाट धरावी लागे. आता १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करून, जीएनएस३ या नेटवर्क-सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायओएसचे चार-पाच राउटर आणि ओपीएनसेन्सची एक फायरवॉल आरामात चालते, तीही अणदुरात घरी बसून. व्हायओएसमध्ये ‘कमिट’ केल्याने बदल लागू होतो, पण ‘सेव्ह’ केल्याशिवाय तो डिस्कवर उतरत नाही. जिथे वीज कधीही जाते, तिथे ही सवय पहिल्या दिवशीच लावून घ्यावी. मशीनची नक्कल काढताना मॅक पत्ता नवा द्यावा. एकाच पत्त्याची दोन यंत्रे असली की स्विच गोंधळतो आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. मोठ्या स्विचमधल्या चिपची करामत मात्र लॅपटॉपवर पुरती उतरत नाही. तेवढ्यासाठी खरे यंत्र हाताळलेच पाहिजे.

वेगाचा हिशेब कागदावर एकदा तरी मांडावा. १० गिगाबिटच्या तारेवर ६४ बाइटच्या फ्रेम भरून आल्या तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४९ लाख पॅकेट होतात, म्हणजे एका पॅकेटला ६७ नॅनोसेकंद. तीन गिगाहर्ट्झच्या एका कोअरला तेवढ्यात जेमतेम २०० ठोके (क्लॉक सायकल) मिळतात. दर पॅकेटमागे कर्नलला हाक मारत बसले तर ते पुरत नाहीत. म्हणून डीपीडीके ही सॉफ्टवेअर लायब्ररी कर्नलला वळसा घालून नेटवर्क कार्डाकडून थेट पॅकेट उचलते. आभासी यंत्राची कुवत जाहिरातीतल्या गिगाबिटवरून न ठरवता लहान पॅकेटवर मोजावी.

एकाच तारेवर वेगळी नेटवर्के राखणाऱ्या व्हीलॅनला ४०९४ क्रमांक मिळतात, तेच काम करणाऱ्या व्हीएक्सलॅनला १ कोटी ६७ लाखांहून अधिक. या सोयीची किंमत म्हणजे प्रत्येक पॅकेटवर ५० बाइटचे जादा वेष्टण. खालच्या नेटवर्कचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १५०० बाइटच राहिला तर पिंग जाते, लॉगिनही होते, पण मोठी फाइल अडते. अशा वेळी फायरवॉलचे नियम उलथेपालथे करण्याआधी मोठ्या आकाराचे, तुकडे न पाडणारे पिंग पाठवून पाहावे. बहुतेकदा दोष तिथेच सापडतो.

राखीव जोडीचे, म्हणजे एक राउटर पडला तर दुसऱ्याने काम उचलण्याचे, तत्त्व अणदूरकराला उमजायला सोपे आहे. अणदूर आणि नळदुर्ग-मैलारपूर ही खंडोबाची दोन ठाणी, मूर्ती मात्र एकच, आणि ती ठरल्या कराराने ठाणे बदलते. अशा जोडीसाठीच्या व्हीआरआरपी या प्रोटोकॉलमध्ये आयपी पत्ता असाच दोन राउटरांत फिरतो आणि एका वेळी एकाकडेच असतो. दोघांमधला संवाद तुटला तर दोघेही त्यावर हक्क सांगतात आणि नेटवर्क दुभंगते. म्हणून त्या संवादाला भरवशाचा मार्ग द्यावा. दोन्ही आभासी राउटर एकाच सर्व्हरवर ठेवू नयेत. सर्व्हर बसला की जोडी एकदम जाते, आणि नेटवर्कच्या आराखड्यात दोन चौकोन दिसत असल्याने ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

सर्व्हरच्या व्यवस्थापनाची वाट त्याच्यावरच चालणाऱ्या फायरवॉलमधून नेऊ नये. फायरवॉल बंद पडली तर दुरुस्तीला आत शिरताच येणार नाही. त्यासाठी वेगळे पोर्ट, वेगळी केबल आणि एक साधा, खराखुरा स्विच ठेवावा.

— मामा