छातीतील धडधड आणि मनातील भय



शेजारच्या घरात कोणी पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेले की पुढे महिना-दोन महिने आपल्या वस्तीत काय होते, ते तुम्ही पाहिलेच असेल. अंत्यविधी होतो, पुण्यानुमोदन होते, पाहुणे आपापल्या गावी परततात. पण दोन-चार घरांत एक भय मागे राहते. चांगला धडधाकट माणूस रात्री दचकून उठतो. छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, बोटांना मुंग्या येतात, घाम फुटतो आणि "आता माझेही तसेच होणार" हा एकच विचार डोक्यात घुमतो. बायको उठते, पाणी देते, छातीला बाम चोळते. दवाखान्यात नेतात. कार्डिओग्राम चांगला निघतो. डॉक्टर म्हणतात, काही नाही, घरी जा. आठ दिवस बरे जातात आणि नवव्या रात्री पुन्हा तेच.

आजचा पाठ या भयाविषयी आहे. हा विषय धम्माच्या अभ्यासात कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की, ज्या घराने देव्हारा काढून टाकला, त्याच घराचे पाऊल अशा भयाच्या रात्री भगताच्या दाराकडे वळते. हे मी ऐकीव सांगत नाही. धम्मवर्गात पहिल्या रांगेत बसणाऱ्या एका उपासकाच्या दंडाला सदऱ्याच्या बाहीआड काळा धागा बांधलेला मी पाहिला आहे. मी त्यांना रागावलो नाही. घाबरलेल्या माणसाला रागावून त्याचे भय कमी होत नाही, तो धागा जरा वर सरकवतो एवढेच.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की, "हे सारे मनाचे खेळ आहेत" असे घरच्यांनी परस्पर ठरवू नये. हृदयविकार खरा आहे. आपल्या देशातील लोकांना तो युरोप-अमेरिकेतील लोकांपेक्षा लहान वयात गाठतो, हेही खरे आहे. छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे किंवा आवळल्यासारखे होणे, ती कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, सोबत थंड घाम, धाप, मळमळ किंवा उलटी येणे, यांपैकी काही झाले तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नये. स्त्रियांना आणि मधुमेह असलेल्यांना कित्येकदा छातीत फारसे दुखतही नाही. नुसती धाप लागते, गळून गेल्यासारखे होते. अशा वेळी मीठमोहऱ्या उतरविण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, तो क्रमांक घरातील शाळकरी मुलालाही पाठ असावा.

बाबासाहेब स्वतः कित्येक वर्षे मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने आजारी होते. त्या आजारातच त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून पुरा केला. त्यांचा भरवसा औषधोपचारावर होता. डॉ. मालवणकर आणि स्वतः डॉक्टर असलेल्या सविता आंबेडकर यांच्या उपचारांविषयी त्यांनी कृतज्ञता लिहून ठेवली आहे. शरीराचे दुखणे शरीराच्या जाणकाराकडे न्यावे, हे आपल्याला त्यांच्याकडूनच शिकायचे आहे.

आता दुसरी बाजू पाहू. रीतसर तपासणी झाली. रक्तदाब, साखर, कार्डिओग्राम आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या इतर तपासण्या चांगल्या आल्या. तरी धडधड थांबत नाही. मग ती येते कोठून?

ती खोटी नसते. ढोंग तर नसतेच नसते. भय वाटले की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथींतून एक द्रव्य रक्तात उतरते, त्याला ॲड्रिनलिन म्हणतात. त्याने हृदय जोराने चालू लागते, श्वास भराभर होतो, घाम येतो. रानात साप आडवा आला तर पळण्यासाठी शरीराने केलेली ही तयारी आहे. श्वास फार भराभर झाला की रक्तातील कर्बवायू प्रमाणाबाहेर कमी होतो आणि त्याने बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते. घाबरलेला माणूस त्या मुंग्यांना हृदयविकाराची खूण समजतो आणि अधिकच घाबरतो. अधिक घाबरला की अधिक ॲड्रिनलिन. साप कोठेच नसतो, पण पळापळ चालू असते. अशी लाट बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचते आणि मग आपोआप उतरू लागते. तिला उतरायला वेळ द्यावा लागतो, इतकेच.

हे दुखणे नवे नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. त्यातील सैनिकांना छातीत दुखणे, धडधड, धाप हे त्रास होत. जेकब दा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी १८७१ साली त्यांच्याविषयी लिहिले, आणि पुष्कळांच्या हृदयात रोग सापडत नाही असे नोंदविले. पुढे पहिल्या महायुद्धात हेच पुन्हा दिसले. ऑस्ट्रेलियातील क्लेअर वीक्स ही बाई तरुणपणी प्राणिशास्त्रात संशोधन करीत होती. तिला क्षय झाला आहे असे चुकीचे निदान झाले. क्षय नव्हताच, पण त्या धसक्याने तिचे हृदय जे धडधडू लागले ते थांबेना, आणि आपले हृदयच बिघडले आहे अशी तिची खात्री झाली. महायुद्धातून परतलेल्या एका मित्राने तिला सांगितले की, खंदकात आमच्या सर्वांची हृदये अशीच धडधडत, ते भयाचे काम आहे. तेवढे कळल्यावर ती हळूहळू बरी झाली. पुढे ती डॉक्टर झाली आणि १९६२ साली तिने अशा रोग्यांसाठी पुस्तक लिहिले. तिचे सांगणे असे की, पहिले भय आपोआप येते, त्यावर आपला ताबा नसतो. पण त्या भयाचे जे दुसरे भय आपण त्यावर चढवतो, त्यानेच दुखणे टिकून राहते. धडधडीशी झगडू नका, तिला तोंड द्या, ती असू द्या, वेळ जाऊ द्या.

संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे, त्यात तथागतांनी हेच दोन बाणांच्या उपमेने सांगितले आहे. अडाणी माणसाला दुखणे झाले की त्याला एक बाण लागतो, आणि तो शोक करू लागला, छाती बडवून घेऊ लागला की त्याच ठिकाणी दुसरा बाण लागतो. शिकलेल्या श्रावकाला पहिला लागतो, दुसरा लागत नाही. त्या बाईने हे सुत्त वाचले होते की नाही याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. मन एकच आहे, पाहणाऱ्याला सारखेच दिसते.

पण मला तुम्हाला विशेष सांगायचे आहे ते एका गृहस्थ जोडप्याविषयी. भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे नकुलपिता आणि नकुलमाता राहत. दोघे पतिपत्नी, मुलेबाळे असलेले, तुमच्या-आमच्यासारखे संसारी. नकुलपिता म्हातारा झाला, वरचेवर आजारी पडू लागला. तो भेसकळावनात भगवंतांकडे गेला आणि म्हणाला, मला काही उपदेश करा. भगवंतांनी त्याला तू बरा होशील असे खोटे आश्वासन दिले नाही. हे शरीर दुखण्याचेच आहे, ते घेऊन फिरताना क्षणभरही आपण निरोगी आहोत अशी बढाई कोण मारील, असेच त्यांनी म्हटले. मात्र शरीर आजारी असले तरी मन आजारी होणार नाही, असे शिकत जा, हा उपदेश त्यांनी दिला. पुढे सारिपुत्तांनी त्याचा अर्थ उलगडून सांगितला. शरीर म्हणजेच मी, असे जो धरून बसतो, त्याचे मन शरीराच्या प्रत्येक बदलाबरोबर कोलमडते.

दुसरी कथा अंगुत्तर निकायात आहे. नकुलपिता फारच आजारी होता, मरणाच्या दारात. नकुलमाता त्याच्या उशाशी होती. आता ती काय म्हणाली ते नीट पाहा. "तुम्हाला काही झालेले नाही" असे ती म्हणाली नाही, देवाला नवसही बोलली नाही. चिंता मनात ठेवून मरू नका, असे ती म्हणाली, आणि त्याच्या मनात कोणत्या चिंता असतील त्या तिने एकेक करून पुढे ठेवल्या. माझ्यामागे मुलांचे कसे होईल, असे वाटत असेल तर मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी घर चालवीन. मी दुसऱ्या घरी जाईन असे वाटत असेल तर तसे होणार नाही. धम्म सोडीन असे वाटत असेल तर शीलात, चित्ताच्या शांतीत, धम्मावरील श्रद्धेत मी पक्की आहे. हे ऐकता ऐकता नकुलपित्याचे दुखणे उतरले. पुढे तो काठी टेकीत भगवंतांकडे गेला, तेव्हा अशी हितचिंतक आणि उपदेश करणारी पत्नी लाभली हा तुझा मोठा लाभ आहे, असे भगवंत त्याला म्हणाले.

तिच्या बोलण्याने दुखणे बरे झाले याचा अर्थ बोलण्याने हृदयविकार बरा होतो असा कोणी काढू नये. मला त्यातून दिसते ते वेगळेच. ज्याला रात्री छातीची धास्ती वाटते, त्याचे भय बहुधा छातीचे नसतेच. थोरलीचे लग्न व्हायचे आहे, धाकटा अजून शिकतो आहे, खोलीचे कर्ज फिटायचे आहे, भावांशी जमिनीचा वाद आहे. हे तो दिवसा बोलत नाही, म्हणून रात्री छाती बोलते. घरचे लोक काय करतात? दर वेळी "तुम्हाला काही होत नाही हो" म्हणतात. ते प्रेमाने म्हणतात, पण त्याने घटकाभरच बरे वाटते, आणि माणसाला ते पुन्हा पुन्हा ऐकण्याची सवय लागते. नाडी दिवसातून वीस वेळा मोजणे, दर आठवड्याला नवा डॉक्टर गाठणे, मोबाइलवर लक्षणे शोधीत बसणे हेही त्याच जातीचे. त्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी जेवणानंतर दोघांनी बसावे आणि नकुलमातेप्रमाणे चिंता एकेक करून बाहेर काढावी. बँकेचे पुस्तक, विम्याचे कागद, देणे-घेणे बायकोला दाखवावे. आपल्यापैकी कितीतरी पुरुष हे बायकोला सांगतच नाहीत, आणि मग आपल्यामागे तिचे कसे होईल म्हणून रात्रभर तळमळतात!

धडधड सुरू झालीच तर काय करावे? डॉक्टरांनी तपासून निर्वाळा दिलेला असेल आणि त्रास नेहमीचाच असेल, तर उठून बसावे. दोन्ही पाय जमिनीला टेकवावेत. श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहूनही सावकाश सोडावा. धडधड होते आहे, भय आले आहे, असे मनात नोंदवावे, त्याला हाकलू नये. काहींना श्वासाकडे पाहताच अधिक घाबरल्यासारखे होते. त्यांनी श्वासाच्या मागे लागू नये, खोलीत हळूहळू चालावे आणि तळव्यांना लागणाऱ्या फरशीकडे लक्ष ठेवावे. चंक्रमण हेही ध्यानच आहे. त्रास नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तर मात्र ध्यान बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

भय घालविण्यासाठी दारू घेणारे पुष्कळ आहेत. पहिल्या घोटाने बरे वाटते, पण दुसऱ्या दिवशी धडधड दुप्पट होते. पाचवे शील येथे तुमच्या हृदयाच्याच बाजूचे आहे. तंबाखू आणि मिश्री हृदयाची गती वाढवतात आणि खऱ्या हृदयविकारालाही आमंत्रण देतात. भगिनींनो, मिश्री हे व्यसनच आहे, ते दात घासण्याचे साधन नव्हे.

इतके करूनही महिनोन्‌महिने भय जात नसेल, कामाला जाणे सुटले असेल, तर मानसोपचार घ्यावा. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. यात वेडेपणा नाही की लाज नाही. २०२२ पासून १४४१६ हा सरकारचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येते.

पुढील पंधरवड्यासाठी अभ्यास असा. ज्यांना हा त्रास होतो त्यांनी एक वही करावी. त्रास कोणत्या दिवशी झाला, किती वाजता, त्याआधी काय करीत होतो, कोणती चिंता मनात होती आणि किती मिनिटांत उतरला, एवढेच लिहावे. नाडीचे आकडे लिहू नयेत. पुढच्या तपासणीला जाताना ती वही सोबत न्यावी, डॉक्टरांनाही ती उपयोगी पडेल.