चव गेली की वास?

"डॉक्टर, तोंडाची चवच गेली," असं सांगत येणाऱ्या बऱ्याच जणांची जीभ ठणठणीत असते. गोड, खारट, आंबट, कडू सगळं कळतं; गेलेला असतो तो वास. घरी करून बघा. नाक चिमटीत धरून थोडी बडीशेप चावा. जराशी गोडी लागेल, बस्स. आता नाक सोडा, लगेच बडीशेप ओळखू येईल. चावताना सुटणारा गंध घशाच्या मागून नाकात चढतो आणि श्रेय जिभेला मिळतं.

नाकाच्या छताशी काही चौरस सेंटिमीटरचं अस्तर असतं. त्यातल्या चेतापेशींचे तंतू कवटीच्या सच्छिद्र हाडातून थेट मेंदूकडे जातात. डोक्याला मार लागला की नेमके हेच तंतू तुटू शकतात. या पेशींवरचे गंधग्राहक लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी शोधले, 2004 चं नोबेल त्यासाठीच. माणसात त्यांचे सुमारे 400 प्रकार, कुत्र्यात त्याच्या दुप्पट, आफ्रिकी हत्तीत जवळपास 2000. शिवाय कुत्र्याचा उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून निघतो, त्यामुळे समोरचा गंध उधळला जात नाही.

तरी आपलं नाक टाकाऊ नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. त्यात मिसळलेलं इथाइल मरकॅप्टन आपल्याला अगदी थोडं असलं तरी कळतं. वास गेलेल्या माणसाला ते कळत नाही. घरात एकटे राहणारे आजी-आजोबा असतील तर गॅसगळतीचा अलार्म बसवाच.

सर्दी बरी होऊन दोन-तीन आठवडे झाले तरी वास परतला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. डोक्याला मार लागल्यावर वास गेला किंवा एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल, तर थांबू नका. बामचा गारवा जाणवतो म्हणून निर्धास्त राहू नका; ती जाणीव वेगळ्या मज्जातंतूची. काहींमध्ये पार्किन्सन्सच्या कंपाआधी कित्येक वर्षं वास मंदावतो, पण वास कमी झालेल्या प्रत्येकाला तो आजार होतो असं मुळीच नाही.

विषाणूमुळे गेलेल्या वासासाठी गंधसराव करता येतो. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये मांडलेली ही पद्धत: गुलाब, नीलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ एकेक वास काही सेकंद, लक्ष देऊन, निदान 12 आठवडे. कंटाळवाणं आहे खरं, आणि काही जण मध्येच सोडतात.

मध्येच कॉफी किंवा फोडणीचा कांदा जळका, कुजका वाटू लागला तर घाबरू नका. चेतापेशी नव्याने जुळताना असं होतं. त्या दिवसांत जेवण गार करून खा, वाफेबरोबर उठणारा गंध कमी होतो.