माल कुठे आहे, म्हणून विचारतोय ना?

अगं, गिऱ्हाइकाचा पुन्हा फोन आला म्हणून एवढी घाबरतेस कशाला? झरी जामणीत बसून तू न्हावाशेव्याची बोट ढकलू शकत नाहीस. पण तिची खबर देऊ शकतेस, आणि खरं सांगू का, त्याला तेवढीच हवी असते. कापसाच्या गाठींत पैसे अडकलेत त्याचे. त्यालाही गिरणीवाला हेच विचारत असेल.

आधी कंटेनरचा नंबर नीट बघ. चार अक्षरं, सात आकडे. एक आकडा इकडचा तिकडे झाला की गिऱ्हाईक भलत्याच डब्याची वाट बघत बसतं! तो नंबर लॉजिस्टिक्स डेटा बँकेच्या साइटवर टाक. 2016 मध्ये ही सोय न्हावाशेव्यातच सुरू झाली. डब्यावरचा आरएफआयडी टॅग वाटेतली यंत्रं वाचतात, त्याची नोंद तुला दिसते.

पण 'गेट इन' दिसलं की नाचू नकोस हं. मी अशीच 'निघाला' म्हणून सगळ्यांना सांगत सुटायचे! डबा नुसता बंदराच्या फाटकातून आत गेलेला असतो. बोट भरली असेल तर तो तिथेच पुढच्या बोटीची वाट बघत बसतो. म्हणून 'निघाला' हे बोट सुटल्यावरच लिही. त्यानंतर शिपिंग कंपनीची साइट बघायची. कोलंबोला बोट बदलणार असेल तर तेही आधीच सांग, नाहीतर नोंद हलली नाही की त्याला माल हरवल्यासारखं वाटतं.

कधी नोंदच बंद पडते, तेव्हा काय? जून 2017 मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या शिपिंग कंपनीचे कॉम्प्युटर बंद पाडले, न्हावाशेव्याचं जीटीआय टर्मिनलही अडकलं. कंपनीने त्याच दिवशी ट्विटरवर आपली यंत्रणा बंद पडल्याचं सांगून टाकलं, आणि माणसं व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेत बसली. एवढी मोठी कंपनी लपवत नाही, तर तू कशाला लपवतेस?

आता मोबाइल घे आणि लिही: 'डबा बंदरात पोचला, बोटीत चढलेला नाही. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा कळवते.' आणि शुक्रवारी काही नवीन नसलं तरी 'काही नवीन नाही' एवढं लिहायचंच बघ. लिहिलंस? दाखव. हो, 'बहुतेक' खोड तेवढं, आणि मग जेवायला बस.