व्हिएकेसची धूळ

प्रश्न : लष्करी सरावाच्या प्रदूषणानं बेटावरच्या लोकांना खरंच कर्करोग होतो? मग ते सिद्ध का होत नाही?

उत्तर : प्वेर्तो रिकोजवळचं व्हिएकेस बेट बघा. अमेरिकी नौदलानं १९४१पासून तिथली बरीचशी जमीन घेतली आणि २००३पर्यंत पूर्व टोकाला बॉम्बफेकीचा सराव केला. वारा पूर्वेचा, वस्ती मधोमध. म्हणजे धूळ थेट अंगणात. जमिनीत शिसं, स्फोटकांचे अंश; १९९९मध्ये डिप्लीटेड युरेनियमच्या गोळ्याही झाडल्या गेल्या.

नोंदींनुसार तिथे कर्करोगाचं प्रमाण प्वेर्तो रिकोच्या मुख्य बेटापेक्षा जास्त आहे. पण लोकसंख्या जेमतेम काही हजार. इतक्या कमी माणसांत योगायोग कुठला आणि कारण कुठलं, हे संख्याशास्त्राला ठरवता येत नाही. शिवाय आजार उमटायला कित्येकदा वीसेक वर्षं जातात; तेव्हाची हवा कुणी मोजलेलीच नसते. ‘पुरावा नाही’ म्हणजे ‘धोका नाही’ नव्हे. माझ्या मते हा फरक पुसून सरकारी अहवालांनी इथेच लोकांवर अन्याय केला.

बेटावरचं रुग्णालय २०१७च्या मारिया वादळात निकामी झालं. मुख्य बेटावर केमोथेरपी घेतलेली बाई उलटी आवरत फेरीबोटीनं घरी परतते. कारण सिद्ध होईपर्यंत तिनं थांबायचं का? तपासणी आणि उपचार बेटावरच, आणि तेही आधी मिळायला हवेत.