सिंगापूरला निघायची तारीख दिवस मोजून ठरवा

प्रश्न : मी २८ वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर असून पुण्यात नोकरी करतो. सिंगापूरच्या एका कंपनीने महिना ८,००० सिंगापूर डॉलर पगाराची नोकरी देऊ केली आहे. सप्टेंबरच्या मध्यावर किंवा ऑक्टोबरअखेर, सोयीने रुजू व्हा असं त्यांनी कळवलं आहे. नवरात्र-दसरा घरी करून निघावं, असं आईला वाटतं. इथं माझं बचत खातं, पीपीएफ आणि सोलापूर जिल्ह्यात वडिलोपार्जित शेतीत हिस्सा आहे. पत्नीही नोकरी करते, तिला सोबत न्यायचं आहे. निघण्याआधी काय काय उरकून घ्यावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सर्वप्रथम अभिनंदन! तुम्ही विचारलेल्या सगळ्या गोष्टींत सर्वांत मोलाची आहे ती निघण्याची तारीख, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात राहिला, तर आयकरासाठी तो ‘निवासी’ ठरतो आणि त्याचं परदेशातलं उत्पन्नही इथं करपात्र होतं. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस भरतात. म्हणजे ऑक्टोबरअखेर निघालात, तर मार्चपर्यंतचा सिंगापूरचा पगार भारतातल्या विवरणपत्रात दाखवावा लागेल. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असल्याने तिथे भरलेल्या कराचं श्रेय मिळतं. पण सिंगापूरचे दर आपल्यापेक्षा कमी असल्यामुळे फरक इथं भरावा लागू शकतो.

सप्टेंबरच्या मध्यावर निघालात तर हा भार टळेल. मात्र त्याच वर्षी सुट्टीवर आलात तर ते दिवसही मोजले जातात. दिवाळीला येण्या-जाण्याचे दिवस धरून आठ दिवस यायचं असेल, तर २० सप्टेंबरच्या आत निघा. पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. पगारही सिंगापूरच्या खात्यातच जमा होऊ द्या, तो थेट भारतातल्या खात्यात घेऊ नका.

आता बँक. नोकरीसाठी देश सोडला की फेमा कायद्याप्रमाणे साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्या. भाडं, लाभांश अशी इथली कमाई त्यात जमा होईल. सिंगापूरहून पैसे पाठवण्यासाठी एनआरई खातं उघडा. त्यावरचं व्याज करमुक्त असतं आणि रक्कम हवी तेव्हा परत नेता येते. एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के दराने टीडीएस कापला जातो, वर उपकर. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येईल, पण पुढे मुदतवाढ मिळणार नाही.

शेतीतला तुमचा हिस्सा तुमचाच राहील. पण अनिवासी झाल्यावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. शेजारचा तुकडा घेण्याचा विचार असेल, तर व्यवहार निघण्याआधी पुरा करा. वारसनोंद किंवा वाटणी बाकी असेल, तर विश्वासातल्या माणसाला ठरावीक कामापुरतंच कुलमुखत्यारपत्र द्या. सरसकट सगळे अधिकार देऊन टाकू नका.

सिंगापूरकडे वळू. तिथला एम्प्लॉयमेंट पास कंपनीच काढते आणि तो त्या कंपनीशीच बांधलेला असतो. नोकरी सुटली की पास रद्द होतो आणि पुढची सोय करायला साधारण ३० दिवसच हातात राहतात. म्हणून तीन-चार महिन्यांच्या खर्चाची शिल्लक गाठीशी हवी. नोकरी देण्यासाठी मालकाने कामगाराकडून पैसे घेणं तिथे गुन्हा आहे, तेव्हा तशी मागणी आली तर सावध व्हा.

तिथे पगारातून दरमहा कर कापत नाहीत, पुढल्या वर्षी एकदम बिल येतं. त्यासाठी रक्कम बाजूला काढत चला. सीपीएफ हा तिथला भविष्यनिर्वाह निधी फक्त नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे, त्यामुळे म्हातारपणाची तजवीज तुम्हालाच करायची आहे. नोकरी सोडून देश सोडताना कराचा हिशेब मिटेपर्यंत कंपनी शेवटची देणी रोखून धरते, हेही ध्यानात असू द्या.

पत्नीला डिपेंडंट पासवर नेता येईल. त्यासाठी महिना किमान ६,००० डॉलरचा स्थिर पगार लागतो आणि तुमचा त्याहून जास्त आहे. पण त्या पासवर तिला नोकरी करता येणार नाही. तिला स्वतःचा वर्क पास काढावा लागेल. तिने इथला राजीनामा देण्याआधी दोघांनी बसून एका पगारावर घर कसं चालेल याचा हिशेब मांडा.

घराचा करार बहुधा दोन वर्षांचा असतो आणि दोन महिन्यांचं भाडं अनामत द्यावं लागतं. नोकरी गेली किंवा बदली झाली तर वर्षभरानंतर दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर सोडण्याची मुभा देणारं कलम करारात असतं. त्याला तिथे ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ म्हणतात. ते कलम नसेल तर सही करू नका.

थोडक्यात, पासला तत्त्वतः मंजुरी मिळाल्याचं पत्र हातात पडेपर्यंत पुण्यातला राजीनामा देऊ नका. आणि विमानाचं तिकीट काढण्याआधी दिवसांचा हिशेब एकदा सीएकडून तपासून घ्या.