तलवाड्याच्या गोळीबाराचा अभ्यास कसा करावा?

इतिहास म्हणजे सनावळ्या पाठ करणे, अशी समजूत शाळेतच होऊन बसते. पुराव्याची पारख हा त्याचा खरा गाभा आहे. त्यासाठी आम्ही आपल्याच भागातील एक घटना घेत आहोत. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलासरीजवळ तलवाडा येथे जमलेल्या वारली लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. चारोटी नाक्यावरून रोज तलासरीकडे जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक आहे?

प्रथम अमेरिकेतील एक उदाहरण पाहू. १८९२ साली मेम्फिस शहरात गोऱ्यांच्या जमावाने तीन कृष्णवर्णीयांना ठार केले. पत्रकार आयडा वेल्स यांचे ते स्नेही. अशा हत्यांचे समर्थन 'स्त्रियांवर अत्याचार केला' असे सांगून होई. येथे तर तसा आरोपही नव्हता. त्यांचे दुकान एका गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याआड येत होते. पुढे १८९५ च्या 'द रेड रेकॉर्ड' या पुस्तिकेत बाईंनी आकडे घेतले ते गोऱ्यांच्याच 'शिकागो ट्रिब्यून'मधून. मारलेल्यांपैकी बहुतेकांवर अत्याचाराचा आरोपच नव्हता, हे त्यातून उघड झाले. विरोधकाच्याच कागदाने विरोधकाला उत्तर!

आपल्याकडेही असा कागद आहे. सिमिंग्टन या आय.सी.एस. अधिकाऱ्याने उठावापूर्वीच, १९३९ च्या अहवालात, वेठ आणि लग्नगडी पद्धतीचे वर्णन केले. लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबत. हे ब्रिटिश सरकारचाच नोकर लिहितो, म्हणून त्याचे वजन अधिक.

गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० चे पुस्तक अवश्य वाचावे. मात्र त्या स्वतः लढ्याच्या पुढारी होत्या. म्हणून त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले प्रसंग आणि ऐकून लिहिलेले प्रसंग वेगवेगळे टिपावेत. पोलिसांच्या कागदालाही हाच नियम लावावा, किंबहुना अधिक कडकपणे. जुन्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग १९६० साली गुजरातेत गेला; तेव्हा एकाच जिल्ह्याच्या कचेरीत शोधून भागणार नाही.

त्या वेळी वीस वर्षांचा असलेला माणूस आज शंभरीचा. म्हणून पाड्यावर बहुधा मुला-नातवंडांकडूनच ऐकावे लागेल. 'काय झाले?' याबरोबर 'तुम्हांला कोणी सांगितले?' हेही विचारावे आणि उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे.

सुरुवात मृतांच्या कोष्टकाने करावी : नाव, गाव, वय, मागे कोण राहिले, माहिती कोणाकडून मिळाली. एखादा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच ठेवावा. अंदाजाने भरू नये.