दुसरं कार्ड पहिल्याच्या घरातलं नको

अगं, लाउंज देणारं कार्ड घेऊ की पॉइंट देणारं, असं तू काल फोनवर विचारलंस आणि मी हसले, त्याचा राग मानू नकोस. तुझ्या वयाला तोच प्रश्न पडणार. पण तू जर्मनीला शिकायला चालली आहेस, आणि ज्या कार्डाबद्दल आपण बोलतोय ते बहुतेक वेळ कपाटातच पडून राहणार आहे. लाउंजमधला फुकटचा इडली-डोसा तू फार तर जाताना आणि येताना खाशील. या कार्डाकडून आपल्याला हवंय ते एवढंच, की पहिलं, म्हणजे फॉरेक्स कार्ड, रुसेल तेव्हा हे चाललं पाहिजे. आणि ते चालायचं तर पहिलं ज्या कारणाने रुसेल, ते कारण याला लागू नसावं.

म्हणून तुझा बेत मला पटला नाही. शैक्षणिक कर्ज ज्या बँकेचं, फॉरेक्स कार्ड तिचंच आणि वर क्रेडिट कार्डही तिचंच! ॲप एक, लॉगिन एक. पासवर्ड चुकून लॉक झालीस किंवा बँकेने संशय येऊन खातं गोठवलं, की दोन्ही कार्डं एका दमात गेली. बँक वेगळी घे. नेटवर्कही वेगळं घे. फॉरेक्स कार्ड व्हिसाचं असेल तर हे मास्टरकार्डचं, किंवा उलट. १ जून २०१८ ला डेटा सेंटरमधलं एक यंत्र बिघडलं आणि युरोपभर व्हिसाची कार्डं कित्येक तास धड चालेनात. शुक्रवार होता, लोक भरलेल्या ट्रॉल्या घेऊन काउंटरवर उभे. रुपे आपल्याकडे उत्तम चालतं, पण जर्मनीत एकट्या त्याच्या भरवशावर राहू नकोस.

आता खरी अडचण कधी येते ते सांगते. विद्यार्थी व्हिसासाठी उघडलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये तू वर्षाचे ११,९०४ युरो भरले आहेस, हे खरं. पण ते महिन्याला ९९२ याप्रमाणे सुटणार, आणि तेही तिथलं चालू खातं उघडल्यावर. खातं उघडायला पुष्कळदा पत्त्याची नोंदणी मागतात, नोंदणीला घर लागतं, आणि घरमालक चावी देण्याआधी अनामत मागतो. ती अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते. म्हणजे पैसे आहेत, पण हातात नाहीत, असे पहिले काही आठवडे जातात. हॉस्टेलवाले किंवा हॉटेलवाले डिपॉझिटपोटी कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात, तीही त्याच दिवसांत. त्यामुळे या कार्डाची मर्यादा निदान एका महिन्याच्या खर्चाएवढी तरी हवी. पंधरा हजारांच्या मर्यादेचं कार्ड घेऊन गेलीस तर त्याचा उपयोग पाकिटाची शोभा वाढवण्यापुरताच.

तुला पगार नाही, मग कार्ड देणार कोण? काका म्हणतील, माझ्या कार्डावर ॲड-ऑन काढू, विषय संपला. संपत नाही. ॲड-ऑनची मर्यादा काकांच्याच मर्यादेतून जाते, आणि ओटीपी पुष्कळदा काकांच्याच मोबाइलवर येतो. तुझ्याकडे रात्रीचे दहा वाजले की हिवाळ्यात इथे अडीच वाजलेले असतात. काकांना उठवून, चष्मा शोधायला लावून आकडे वाचून घेणार आहेस का? (आणि तू कुठे काय खाल्लंस याचा मेसेज घरी दर वेळी जाणार, हे वेगळंच.) त्यापेक्षा मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड बघ. तुझ्या नावावर लाखाची एफडी करायची, तिच्या पंच्याहत्तर ते नव्वद टक्के मर्यादेचं कार्ड बऱ्याच बँका देतात. पगाराची स्लिप कोणी मागत नाही, ठेवीवर व्याज सुरू राहतं, आणि वेळेवर बिल भरलंस तर तुझ्या नावावर क्रेडिट स्कोअरही तयार होतो. माझं मत या कार्डाला.

खर्चाचा हिशेब न लाजता विचारून घे. परदेशी चलनावर बहुतेक कार्डं साडेतीन टक्के मार्कअप लावतात, त्यावर अठरा टक्के जीएसटी. एकूण ४.१३ टक्के झाले. दोनशे युरोंच्या खरेदीवर सव्वाआठ युरो हवेत गेले. कमी किंवा शून्य मार्कअपची कार्डंही आहेत. ती मिळाली तर उत्तम, पण त्यासाठी हजारोंची वार्षिक फी भरू नकोस, क्वचित वापरायच्या वस्तूला ते परवडत नाही. दुकानात मशीनच्या पडद्यावर ‘युरोत देता की रुपयांत?’ असं आलं, तर डोळे झाकून युरो दाब. रुपये बघून आपल्याला हायसं वाटतं, आणि तिथेच आपल्याला वाईट दराने रुपये मोजायला लावतात. आणि क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढायची नाही. अडीच टक्क्यांच्या आसपास फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. रोख हवी तर फॉरेक्स कार्डावर काढ. थोडी जवळ हवीच, कारण जर्मनीत अजूनही बेकरीपासून छोट्या हॉटेलांपर्यंत काही ठिकाणी फक्त रोख घेतात, नाहीतर त्यांचं तिथलं डेबिट कार्ड, गिरोकार्ड.

कार्ड हातात आलं की ते इथेच जागं कर. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड फक्त देशात, दुकानात आणि एटीएमवर चालतं. परदेशातला वापर, ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देणं हे तुला ॲपमध्ये जाऊन स्वतः चालू करावं लागतं. ऑनलाइनची परदेशी मर्यादा मात्र कमी ठेव, कारण बाहेरच्या कित्येक वेबसाइट ओटीपी न विचारताच पैसे कापतात. पिन सेट करून इथल्या एखाद्या दुकानात एकदा वापरून बघ. तिकडे पन्नास युरोंवरच्या रकमेला टॅप केलंस तरी पिन मागतात, आणि स्टेशनवरच्या तिकिटाच्या यंत्रासमोर, मागे रांग असताना, पिन आठवत बसायची वेळ नको. लागोपाठ तीनदा चुकला तर कार्डच अडकतं.

इथलं सिम चालू ठेव, महिन्याचं रिचार्ज काकांकडे सोपव. ओटीपी ईमेलवरही येतो का, ते बँकेला विचार. कार्डामागचा १८०० चा नंबर परदेशातून सहसा लागत नाही, म्हणून +९१ ने सुरू होणारा नंबर वहीत लिहून घे. फोनमध्ये नको, फोनच गेला तर? कार्ड पाकिटात ठेवू नकोस, खोलीत ट्रंकेत ठेव. प्रवासात एक अंगावर, एक बॅगेत. चोरी कळली की त्याच क्षणी ब्लॉक कर आणि तक्रारीचा नंबर मागून घे. चूक ना तुझी ना बँकेची, आणि तू तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंस, तर भुर्दंड तुझ्यावर पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे.

बिलाला ऑटोपे लाव, आणि तेही पूर्ण रकमेचं. ‘किमान देय’ असं लिहिलेल्या रकान्याकडे बघूसुद्धा नकोस. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर व्याज जातं. आणि हो, एफडी करून कार्ड घरी यायला दिवस लागतात, तुझं विमान सप्टेंबरअखेरीचं आहे. सोमवारी काकांना सोबत घे, पॅन आणि आधार घे आणि बँकेत जा. रात्री मला फोन कर, मार्कअप किती सांगितला ते मला ऐकायचंय.